चिचुंद्रीतील पट्टकृमी

चिचुंद्रीतील पट्टकृमी हे सोरिसिडी कुलातील सस्तन प्राण्यांच्या आतड्यात राहणारे परजीवी चपटे कृमी होत. त्यांच्या बऱ्याच जाती हायमेनोलेपिडिडी कुलात मोडतात. काही जातींची लांबी अवघी काही मिलिमीटर असते.

यजमान प्राणी

चिचुंद्री उंदरासारखी दिसत असली तरी ती कृंतक प्राणी नव्हे. तिचा मुख्य आहार कीटक हा आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ-लोणावळा परिसरासह महाराष्ट्रात घरांच्या आसपास सर्वत्र आढळणाऱ्या सुंकस म्युरिनस या जातीला लिनीयसने १७६६ मध्ये शास्त्रीय नाव दिले. सुंकस स्टोलिक्झकानस या दुसऱ्या जातीचे वर्णन अँडरसन यांनी १८७७ मध्ये मुंबईच्या नमुन्यावरून केले.

जीवनचक्र

पट्टकृमीला तोंड व अन्नमार्ग नसतो. तो पोषकद्रव्ये शरीराच्या पृष्ठभागातून शोषून घेतो. त्याची अंडी यजमानाच्या विष्ठेतून बाहेर पडतात व भुंगेऱ्यांसारख्या कीटकांच्या पोटात जातात. तेथे सिस्टिसरकॉइड ही डिंभावस्था तयार होते. असा कीटक चिचुंद्रीने खाल्ला की तिच्या आतड्यात प्रौढ कृमी वाढतो.

नव्या जातीचे वर्णन

कृमी काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. शीर्षावरील चूषक, तुंडकावरील आकड्यांची संख्या व आकार, तसेच प्रत्येक देहखंडातील वृषणांची संख्या व मांडणी ही प्रमुख लक्षणे होत. हायमेनोलेपिडिडी कुलात वृषणे सामान्यतः तीन असतात. अलीकडे डीएनएचीही तुलना केली जाते. उत्तर अमेरिकेतील चिचुंद्रीत सापडलेल्या स्टॅफिलोसिस्टिस क्लाइडसेंगेरी या जातीचे वर्णन २०१३ मध्ये बाह्यलक्षणे व डीएनए या दोहोंच्या आधारे करण्यात आले. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार १९९९ नंतर प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीसाठी आद्यनमुना निश्चित करणे बंधनकारक आहे.

महाराष्ट्रातील अभ्यास

औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मासे व पक्षी यांतील पट्टकृमींच्या अनेक जातींची वर्णने केली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डी येथे असून तेथे प्राण्यांचे नमुने जतन केले जातात.

लोणावळ्याजवळील खंडाळा हे इंडोटायफ्लस बॅटर्सबायी या देवगांडुळाचे आद्यस्थळ आहे. टेलर यांनी १९६० मध्ये त्याचे वर्णन केले. देवगांडूळ कृमी नसून उभयचर प्राणी आहे.

नमुने जपण्याचे महत्त्व

आक्रसलेल्या किंवा फार दाबलेल्या कृमीची मापे बदलतात. त्यामुळे एकाच जातीला अनेक नावे मिळू शकतात. मागूर माशातील पट्टकृमींचे २०११ मध्ये पुनरावलोकन झाले, तेव्हा पूर्वी दिलेली बहुसंख्य नावे समानार्थी ठरली. आद्यनमुना उपलब्ध नसेल तर अशी पडताळणी अवघड होते. यजमानाची ओळख चुकल्यासही नोंद सदोष ठरते. म्हणून चिचुंद्रीचा नमुनाही कृमीसोबत जतन करणे आवश्यक मानले जाते.