धेनुकाकटचा यवन

नाशिक फाट्यावर दोन वाटा फुटतात. एक निगडी, तळेगाव, कामशेतवरून कार्ल्याकडे जाते. दुसरी भोसरी, चाकण, नारायणगाव करीत जुन्नरकडे. कारखान्यांच्या मालमोटारींनी गजबजलेल्या ह्या दोन्ही वाटांवर पुढे ग्रीक मंडळी भेटतात, असे मी वर्गात सांगितले तेव्हा मुले हसली.

दोष माझाच. यवन म्हणजे शत्रू, असे आजवर मीच शिकवीत आलो होतो. वास्तविक हा शब्द आयोनियातल्या ग्रीकांवरून आलेला. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राची, सातकर्णीची, कीर्ती कोरविली आहे; तीत तो शक-यवन-पल्हवांचा संहारक आहे. पण गंमत पाहा, त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्याचा दाता, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, स्वतःला 'योनक' म्हणवितो!

आता ह्या लोकांच्या मूळ मुलखाकडे वळू. अथेन्सच्या लोकसत्तेचे गोडवे आपण गातो, पण तिचा उंबरठा फार उंच होता. इ. स. पू. ४५१ मध्ये पेरिक्लीसने कायदा करविला: आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. बाहेरून आलेल्याने वर्षाला बारा द्राख्मा कर भरावा, जमीन मात्र घेऊ नये. गुलामांची तर गोष्टच नको. पुढे अ‍ॅरिस्टॉटलसारखा तत्त्वज्ञ तेथे वर्षानुवर्षे शिकवीत राहिला, तोही परकाच. आणि दैव कसे! महामारीत पेरिक्लीसची औरस मुले गेली. उरला तो मिलेटसच्या अस्पाशियाचा मुलगा, म्हणजे बापाच्याच कायद्याने परका. त्या गर्विष्ठ पुढाऱ्याला लोकांपुढे पदर पसरावा लागला, तेव्हा कोठे पोराला नागरिकत्व मिळाले.

जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या, चिट नावाच्या यवनाने भोजनमंडप. तहान आणि भूक ओळखणारी माणसे! कार्ल्याच्या चैत्यगृहात तर यवनांचे खांब सुतार आणि गंधी ह्यांच्या दानांशेजारी उभे आहेत. सिंहध्वज, धर्म अशी नावे आपलीच वाटतात. तेव्हा हे सारे रक्ताने ग्रीक होते, असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. शिवाय खांबावर नाव येणे म्हणजे राज्यकारभारात वाटा मिळणे नव्हे, हेही खरे. तरी नाव कोरताना कोणी अडविले नाही, एवढे दगड सांगतो.

गेल्या हिवाळ्यात मुलांना तेथे नेले. वर्गात एक मुलगा आहे. जन्म भोसरीचा, वडील गोरखपूरहून कारखान्यात आलेले. नोंदवहीतला 'मूळ गाव' हा रकाना त्याने दोनदा कोरा ठेवला होता आणि मी दोनदा रागावलो होतो. खांबावरच्या लेखाचा अर्थ मी सांगितला: 'धेनुकाकटच्या यवनाचे, सिंहध्वजाचे, खांबाचे दान.'

तो म्हणाला, "सर, ह्याने गावही लिहिलंय आणि यवनही लिहिलंय?"

"दोन्ही."

"चालतं?"

सोमवारी नोंदवही आली. रकाना अरुंद, म्हणून अक्षर बारीक काढले होते: गोरखपूर, भोसरी.