ब्राव्हो चाचणी (१९५४) : चुकलेला अंदाज, राखेची साक्ष आणि रोंगेलापचे रहिवासी

प्रास्ताविक

१ मार्च १९५४ रोजी स्थानिक वेळेनुसार सकाळी पावणेसात वाजता पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांपैकी बिकिनी या कंकणाकृती प्रवाळद्वीपावर अमेरिकेने एका हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. ‘कॅसल’ या चाचणीमालिकेतील ही पहिली चाचणी असून तिचे सांकेतिक नाव ‘ब्राव्हो’ असे होते. शास्त्रज्ञांना सुमारे ६ मेगाटन स्फोटशक्ती अपेक्षित होती. प्रत्यक्षात ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट भरली. अमेरिकेने घेतलेल्या सर्व चाचण्यांमध्ये हीच सर्वांत शक्तिशाली ठरली.

अण्वस्त्रांच्या इतिहासावरील लेखनात या घटनेचा उल्लेख बहुधा ‘अपघात’ असा केला जातो. शास्त्रज्ञांचे गणित चुकले, वाऱ्याने दिशा बदलली आणि निरपराध माणसे किरणोत्सर्गी धुळीच्या कक्षेत सापडली, अशी त्याची सर्वसाधारण मांडणी असते. प्रस्तुत लेखकाच्या मते या एका शब्दाखाली दोन भिन्न गोष्टी झाकल्या जातात. स्फोटशक्तीचा अंदाज चुकणे ही विज्ञानातील चूक होती. रोंगेलाप बेटावरील लोक धुळीखाली सापडणे हा प्रशासकीय निर्णयाचा परिणाम होता. पहिली चूक पुरेशी मान्य झाली आहे. दुसरीचा विचार मात्र तिच्या आडोशाने टळत आला, असे दिसते.

अंदाज कोठे चुकला

१ नोव्हेंबर १९५२ रोजी एनिवेटोक येथे अमेरिकेने ‘माइक’ या नावाने पहिला मोठा संमीलन-स्फोट घडवून आणला होता. त्यात इंधन म्हणून द्रवरूप ड्यूटेरियम वापरले होते. ते अतिशीत ठेवणाऱ्या यंत्रसामग्रीसह संपूर्ण रचनेचे वजन सुमारे ८० टन भरले. अशी रचना विमानातून नेणे अशक्य असल्याने तिला बॉम्ब म्हणणेही अवघडच. ब्राव्होमध्ये त्याऐवजी लिथियम ड्यूटेराइड हे घनरूप इंधन योजिले गेले. लिथियमच्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की ट्रिटियम निर्माण होते, आणि ट्रिटियम व ड्यूटेरियम यांच्या संमीलनातून ऊर्जा मिळते, हे यामागील तत्त्व होते.

निसर्गात आढळणाऱ्या लिथियममध्ये लिथियम-६ हा समस्थानिक जेमतेम साडेसात टक्के असतो. उरलेला सर्व भाग लिथियम-७ चा. ब्राव्होच्या इंधनात लिथियम-६ चे प्रमाण वाढवून ४० टक्क्यांपर्यंत नेले होते. उरलेले ६० टक्के लिथियम-७ या क्रियेत फारसा भाग घेणार नाही, असे रचनाकारांनी गृहीत धरले. वस्तुतः संमीलनातून बाहेर पडणाऱ्या अतिवेगवान न्यूट्रॉनच्या आघाताने लिथियम-७ चेही विघटन होते. त्यातून हेलियम व ट्रिटियम तर मिळतेच, शिवाय एक न्यूट्रॉनही मोकळा होतो. परिणामी अपेक्षेहून पुष्कळ अधिक ट्रिटियम उपलब्ध झाले. २७ मार्च रोजी झालेल्या ‘रोमिओ’ चाचणीत तर नैसर्गिक लिथियमच वापरले होते. तिची अपेक्षित शक्ती ४ मेगाटन होती, प्रत्यक्षात ती ११ मेगाटन मिळाली.

मात्र किरणोत्सर्गी धुळीचा उगम या संमीलनात नव्हता. बॉम्बच्या संमीलन-भागाभोवती नैसर्गिक युरेनियमचे आवरण होते. मंद न्यूट्रॉनने सहसा न फुटणारे युरेनियम-२३८ हे संमीलनातील वेगवान न्यूट्रॉनमुळे फुटते. ब्राव्होच्या १५ मेगाटनांपैकी सुमारे १० मेगाटन ऊर्जा या विखंडनातून आली. स्ट्रॉन्शियम-९०, सीझियम-१३७, आयोडीन-१३१ आदी घातक द्रव्ये ही विखंडनाचीच अपत्ये होत. त्यातच स्फोट जमिनीलगत झाल्यामुळे सुमारे दोन किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला आणि तेथील प्रवाळाचा चुरा या द्रव्यांसह आकाशात खेचला गेला. युरेनियमचे आवरण व जमिनीलगतचा स्फोट या दोन्ही गोष्टी चाचणीपूर्वीच ठरलेल्या होत्या. स्फोटशक्ती अंदाजाबरहुकूम राहिली असती तर धूळ कमी पडली असती हे खरे; पण ती पडलीच नसती असे म्हणता येत नाही, आणि ती कोणत्या दिशेला जाणार हे लिथियमवर अवलंबून नव्हते.

वारा आणि निर्णय

चाचणीच्या आदल्या मध्यरात्री झालेल्या हवामानविषयक बैठकीत वाऱ्याची स्थिती प्रतिकूल होत असल्याची नोंद झाली होती. उंचावरील वारे पूर्वेकडे, म्हणजे रोंगेलापच्या दिशेने वळू लागले होते. तरीही चाचणी पुढे ढकलण्यात आली नाही.

येथे १९४६ सालाशी तुलना उद्बोधक ठरते. त्या वर्षी बिकिनीवर २० किलोटनांहून थोड्या अधिक शक्तीच्या दोन अणुबॉम्बांच्या चाचण्या झाल्या. त्यासाठी बिकिनीच्या १६७ रहिवाशांना बेट सोडावे लागले, आणि केवळ सावधगिरी म्हणून रोंगेलापच्या लोकांनाही तात्पुरते अन्यत्र हलविण्यात आले होते. आठ वर्षांनंतर कित्येक शतपट शक्तीचा स्फोट योजिला असताना मात्र त्याच लोकांना त्यांच्या बेटावरच राहू देण्यात आले. १९४६ मध्ये जी खबरदारी सुचली, ती १९५४ मध्ये सुचू नये, याचे स्पष्टीकरण लिथियमच्या गणितात सापडत नाही.

स्फोटानंतर काही तासांनी रोंगेलापवर पांढरी भुकटी पडू लागली. ती लोकांच्या अंगावर, अन्नात व पावसाचे पाणी साठविण्याच्या टाक्यांत पडली. मुले तिच्यात खेळली. पाठोपाठ मळमळ, वांत्या, त्वचेची जळजळ ही लक्षणे दिसू लागली. पुढे भाजल्यासारख्या जखमा झाल्या व केस गळू लागले. शेजारच्या रोंगेरिक बेटावर हवामानकेंद्राचे २८ अमेरिकन कर्मचारी होते, त्यांना २ मार्चला हलविण्यात आले. रोंगेलापच्या लोकांची सुटका ३ मार्चला, स्फोटानंतर सुमारे पन्नास तासांनी झाली. तोवर त्यांना मिळालेली किरणोत्सर्गाची मात्रा सुमारे १७५ रॅड इतकी असल्याचा तत्कालीन अंदाज होता. अधिक दूरच्या उतिरिक बेटावरील लोकांना त्यानंतर हलविण्यात आले. ११ मार्च रोजी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात काही अमेरिकन व बेटवासी यांचा अनपेक्षितपणे किरणोत्सर्गाशी संबंध आला असून सर्वांची प्रकृती ठीक आहे, एवढेच म्हटले होते.

राखेची साक्ष

हे प्रकरण कदाचित तेवढ्यावरच मिटले असते. पण त्या सकाळी ‘दाइगो फुकुर्यू मारू’ (‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’) ही जपानी मासेमारी नौका बिकिनीच्या पूर्वेस, जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. तिच्यावरील २३ खलाशांवर कित्येक तास राख पडत राहिली. १४ मार्चला नौका याइझू बंदरात परतली आणि १६ मार्चला ‘योमिउरी शिंबुन’ या वृत्तपत्राने ती बातमी जगापुढे आणली. नौकेचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा यांचा २३ सप्टेंबर १९५४ रोजी मृत्यू झाला. ट्यूना माशांच्या बाजारात घबराट पसरली आणि अण्वस्त्रविरोधी निवेदनावर जपानमध्ये तीन कोटींहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

या सामाजिक परिणामांची चर्चा पुष्कळ झाली आहे. विज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट नौकेवरील राखेच्या पृथक्करणात घडली. बॉम्बच्या रचनेविषयी अमेरिकेने संपूर्ण गुप्तता राखली होती. जपानी रसायनशास्त्रज्ञांना मात्र त्या राखेत युरेनियम-२३७ आढळले. अवघ्या पावणेसात दिवसांचे अर्धायुष्य असलेला हा समस्थानिक, युरेनियम-२३८ वर अतिशय वेगवान न्यूट्रॉन आदळून त्यातून दोन न्यूट्रॉन बाहेर पडले, की निर्माण होतो. म्हणजेच ज्या बॉम्बची ही राख होती, त्यात नैसर्गिक युरेनियम मोठ्या प्रमाणात असले पाहिजे आणि त्याच्यावर संमीलनातील न्यूट्रॉनचा मारा झाला असला पाहिजे.

ओसाका येथील यासुशी निशिवाकी यांच्याकडून ही माहिती ब्रिटनमधील भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट यांच्यापर्यंत पोहोचली. विखंडन, संमीलन आणि पुन्हा विखंडन अशी या बॉम्बची तीन टप्प्यांची रचना असावी, असा निष्कर्ष रोटब्लाट यांनी काढला व १९५५ मध्ये तो प्रसिद्ध केला. सरकारी वर्तुळांतून ‘हायड्रोजन बॉम्ब’ म्हणून ज्याचा गौरव होत होता, त्याची बहुतांश शक्ती व जवळजवळ सर्व विष युरेनियमचे होते, हे त्यामुळे उघड झाले. गुप्ततेचे कायदे कागदपत्रांना लागू होतात. आकाशातून पडणाऱ्या धुळीला ते लागू करता येत नाहीत. आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी मार्चअखेरीस नौका धोक्याच्या क्षेत्रातच असली पाहिजे, असा दावा केला होता. पुढे १५ फेब्रुवारी १९५५ रोजी आयोगालाच सुमारे सात हजार चौरस मैल क्षेत्र दूषित झाल्याचे जाहीर करावे लागले.

भारतातील प्रतिसाद

२ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरू यांनी लोकसभेत चाचण्या निदान स्थगित करण्याविषयीच्या कराराची सूचना मांडली. निःशस्त्रीकरणाच्या सर्वंकष वाटाघाटींतून चाचण्यांचा प्रश्न वेगळा काढण्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रयत्न म्हणावा लागेल. त्यामागोमाग संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार दौलतसिंह कोठारी यांनी होमी भाभा आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे वसंत रामजी खानोलकर यांच्या सहकार्याने आण्विक स्फोट व त्यांचे परिणाम यांवर ग्रंथ सिद्ध केला. तो १९५६ मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केला. एका भौतिकशास्त्रज्ञाने विकृतिशास्त्रज्ञाला सोबत घेऊन हा विषय मांडावा, ही गोष्ट आज वाटते तितकी सामान्य नव्हती. १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांविषयी जी वैज्ञानिक समिती नेमली, तिच्या पंधरा सदस्य राष्ट्रांत भारत होता. १९६३ च्या मॉस्को करारावरही भारताने स्वाक्षरी केली. त्या कराराने वातावरणातील, अवकाशातील व पाण्याखालील चाचण्यांवर बंदी आली. भूगर्भातील चाचण्यांना मुभा राहिली. भारताच्या १९७४ व १९९८ मधील पोखरण येथील चाचण्या त्याच मुभेत बसतात, आणि १९९६ च्या सर्वंकष चाचणीबंदी करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. नेहरूंच्या १९५४ च्या भूमिकेचे दाखले देताना हा पुढील प्रवास आपल्याकडे बहुधा वगळला जातो.

बेटावर परतणे

रोंगेलापच्या लोकांवर क्वाजालीन येथे उपचार सुरू झाले आणि त्याच सुमारास ‘प्रकल्प ४.१’ या नावाने त्यांचा वैद्यकीय अभ्यासही सुरू झाला. अभ्यासासाठीच त्यांना मुद्दाम धुळीखाली ठेवले गेले, असा आरोप पुढे झाला. १९९५ मधील अमेरिकन चौकशी समितीला त्यास पुरावा मिळाला नाही, आणि उपलब्ध पुराव्यावरून तोच निष्कर्ष योग्य वाटतो. परंतु उपचार कोठे संपतो व निरीक्षण कोठे सुरू होते, हे त्या लोकांना कोणी त्यांच्या भाषेत नीट समजावून सांगितल्याचे दिसत नाही. १९५७ मध्ये बेट सुरक्षित असल्याचे सांगून त्यांना परत नेण्यात आले. तेथील माती, नारळ व खेकडे यांतून किरणोत्सर्गी द्रव्ये त्यांच्या शरीरात जात राहिली. १९६३ पासून, विशेषतः १९५४ मध्ये लहान असलेल्यांच्या, कंठातील थायरॉइड ग्रंथीत गाठी आढळू लागल्या. अनेकांवर शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

१९८५ च्या मे महिन्यात रोंगेलापच्या सुमारे तीनशे रहिवाशांनी स्वतःहून बेट सोडले. ‘ग्रीनपीस’ संघटनेच्या ‘रेनबो वॉरियर’ या जहाजाने अनेक खेपा करून त्यांना व त्यांच्या मोडलेल्या घरांचे सामान मेजात्तो बेटावर पोहोचविले. मार्शल बेटांवरील आण्विक दावे न्यायाधिकरणाने २००७ मध्ये रोंगेलापच्या लोकांना एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. अमेरिकेने १९८६ च्या करारान्वये सर्व बेटांच्या दाव्यांसाठी मिळून स्थापन केलेला मूळ निधी १५ कोटी डॉलरचा होता.