इंद्राग्निदत्ताचे लेणे

नाशिकच्या पांडवलेण्यांतील सतराव्या क्रमांकाचे बौद्ध लेणे. ते खोदवणारा इंद्राग्निदत्त आपल्या लेखात स्वतःला ‘योनक’, म्हणजे यवन म्हणवतो. महाराष्ट्रात प्राचीन ग्रीक देऊळ नाही. ग्रीक म्हणवणाऱ्या माणसाने उभे केलेले धर्मस्थान पाहायचे, तर या डोंगरावर यावे लागते.  

लेख : ओसरीच्या मागच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला. दाता उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा, धर्मदेवाचा मुलगा. तिरण्हु (त्रिरश्मी) डोंगरात आपण लेणे खोदवले, आत चैत्यगृह केले, पाण्याच्या पोढी (टाक्या) खणल्या, असे तो सांगतो. आईवडिलांसाठी, सर्व बुद्धांच्या पूजेसाठी केलेले हे दान मुलगा धर्मरक्षित याच्यासह त्याने भिक्षुसंघाला दिले. लेखात ना वर्ष आहे, ना राजाचे नाव. अक्षरांच्या वळणावरून काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला मानतात.

दत्तामित्री नेमकी कोणती, यावर वाद आहे. दिमित्रियस या ग्रीक राजाच्या नावाने वसलेले सिंधू खोऱ्यातले शहर, हे एक मत. दात्याच्या रक्ताविषयीही तसेच. वडील, मुलगा आणि तो स्वतः अशी तिन्ही नावे भारतीय आहेत, त्यामुळे तो वंशाने ग्रीक की नुसता ग्रीक वसाहतीतला रहिवासी, हे नावांवरून ठरवता येत नाही.

रचना : ओसरीच्या खांबांच्या माथ्यावर हत्ती व त्यांवर बसलेली माणसे. आत सभामंडप आणि भिक्षूंच्या खोल्या. गाभाऱ्याकडचे काम अर्धवटच राहिले; लेखात ऐटीने सांगितलेले चैत्यगृह पुरे झालेच नाही, असे दिसते. आतली उभी बुद्धमूर्ती बरीच नंतरची. यात ग्रीक काय, असे कोणी विचारले तर दात्याची ओळख, एवढेच सांगता येईल. तुलनेला, अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाचे (बांधकामास प्रारंभ इ.स.पू. 447) खांब इमारतीभोवती बाहेर रांगेने उभे आहेत, त्याचा खर्च नगरराज्याने केला आणि हिशेब दगडावर कोरून ठेवला. इथे एका घरचे दान आहे, आणि घडण शेजारच्या लेण्यांसारखीच. परका दाता स्थानिक कारागिरांच्या हाती काम सोपवून मोकळा झाला असावा.

याच डोंगरावरच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिचा मुलगा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याला त्यात शक, यवन आणि पल्हव यांचा संहारक म्हटले आहे. एका डोंगरावर यवनांच्या संहाराची कीर्ती, आणि काही पावलांवर यवनाचे आईवडिलांसाठीचे दान. राजप्रशस्ती वाचताना हे दुसरे लेणे ध्यानात ठेवावे. युद्धाच्या भाषेवरून रोजचे व्यवहार कळत नाहीत.

पार्श्वभूमी : यवन इथवर आले, त्यामागे व्यापाराचा मोठा वाटा होता. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर सांगितले असून तिथून गोमेदासारखे दगड गाड्यांतून बंदराकडे जात, अशी नोंद आहे. नाशिकची गोदावरी पुढे याच पैठणला पोचते. दक्षिणेचा माल आणि भिक्षू या खोऱ्यातून घाटांकडे निघत.

इतर यवन दाते : कार्ल्याच्या चैत्यगृहातले अनेक खांब धेनुकाकट येथल्या यवनांनी दिलेले आहेत. जुन्नरला तीन लेख. इरिलाने दोन पोढी दिल्या, चिटाने भोजनमंडप, तर चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी काम करवले. इरिल आणि चिट ही नावे मात्र इंद्राग्निदत्तासारखी भारतीय वळणाची वाटत नाहीत.