मेन्यूतील मराठीची ओळ : जुन्या फाइलींच्या रूपांतराचा एक दुर्लक्षित इतिहास

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाचा मेन्यू आज मराठीत पाहता येतो. ही नावे तेथे पोहोचली कशी, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांचे श्रेय त्यात मोठे आहेच. परंतु त्यांच्या शब्दांना बसायला जागा मिळाली ती एका अत्यंत रुक्ष वाटणाऱ्या कामामुळे. मेन्यूच्या जुन्या फाइली नव्या स्वरूपात आणण्याचे ते काम होते.

या कथेचा भारतीय आरंभ १९९६ चा. त्या वर्षी 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी वाचकांना दिली. या उपक्रमामागे बंगळुरूचे अतुल चिटणीस होते. इंटरनेट तेव्हा दुर्मीळ आणि संथ होते, त्यामुळे देशातील असंख्य विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख अशा सीडींवरूनच झाली. सीडीवर होती 'स्लॅकवेअर' ही प्रणाली. पडद्यावरील खिडक्या सांभाळण्यासाठी तिच्यात 'एफव्हीडब्ल्यूएम' ही आज्ञावली असे. ती रॉबर्ट नेशन यांनी १९९३ मध्ये लिहिली होती.

तिचा मेन्यू म्हणजे एक साधी मजकुराची फाइल. 'पॉपअप' या शब्दाने यादी सुरू होई, 'एंडपॉपअप'ने संपे आणि मधल्या प्रत्येक ओळीत एक नाव व एक आज्ञा असे. मेन्यूत नवे काही हवे असेल, तर वापरकर्त्याने ती ओळ स्वतःच्या हाताने लिहायची. पुढे दुसऱ्या आवृत्तीत हे व्याकरणच बदलले. 'पॉपअप' जाऊन 'ऍडटूमेन्यू' आले आणि जुन्या फाइली निरुपयोगी ठरल्या. म्हणून रूपांतर करणारी एक छोटी आज्ञावलीही सोबत देण्यात आली. मायक्रोसॉफ्टलाही विंडोज ९५ सोबत असेच साधन द्यावे लागले होते. जुन्या विंडोजमधील प्रोग्रामांचे गट ते नव्या 'स्टार्ट' मेन्यूत आणून ठेवी. या पहिल्या टप्प्यावर बदलले ते केवळ फाइलीचे व्याकरण. नावे होती तशीच राहिली आणि बहुधा ती इंग्रजीच होती.

त्यानंतर केडीई (१९९६) आणि ग्नोम (१९९७) हे दोन मोठे प्रकल्प उभे राहिले. प्रत्येकाची मेन्यूची फाइल वेगळी होती, त्यामुळे एकाच आज्ञावलीची नोंद दोन ठिकाणी करावी लागे. २००० मध्ये हॅवॉक पेनिंग्टन यांनी 'फ्रीडेस्कटॉप' हे सामाईक व्यासपीठ सुरू केले. 'डेस्कटॉप' हे शेपूट असलेली एकच फाइल सर्वांनी वाचावी, असे तेथे ठरले. त्याच वर्षी आलेल्या केडीईच्या दुसऱ्या आवृत्तीने आपल्या जुन्या फाइली सोडून हे शेपूट स्वीकारले. या फाइलीत आज्ञावलीचे मूळ नाव एकदा लिहायचे आणि त्याखाली प्रत्येक भाषेसाठी एकेक ओळ जोडायची. मराठीच्या ओळीवर 'एमआर', तर कन्नडच्या ओळीवर 'केएन' अशी खूण. नियमाच्या दृष्टीने मराठीला जागा मिळाली, पण अक्षरांचा प्रश्न शिल्लक राहिला.

संगणक अक्षर नव्हे, तर अंक साठवतो. कोणता अंक म्हणजे कोणते अक्षर, हे सांगणारे कोष्टक म्हणजे अक्षरसंकेत. जुन्या फाइलींत प्रत्येक ओळ आपापल्या भाषेच्या संकेतात लिहिलेली असे. रशियन ओळ एका कोष्टकानुसार, जपानी दुसऱ्या, थाई तिसऱ्या. 'मिश्र वारसा' अशा अर्थाचे नाव देऊन नव्या नियमावलीने हा प्रकार काही काळ चालू ठेवला आणि कोणत्या भाषेला कोणता संकेत, याची यादीही दिली. त्या यादीत मराठी नव्हती, कन्नडही नव्हती.

आपल्याकडे संकेत नव्हता असे नाही. 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु त्यात देवनागरीतील 'क' आणि कन्नडमधील 'ಕ' यांना एकच अंक होता, त्यामुळे लिपी कोणती हे वेगळे सांगावे लागे. छपाईच्या व्यवहारात तर प्रत्येक फाँटचा संकेत निराळा होता. खुद्द बंगळुरूत 'बरह' आणि 'नुडी' या लोकप्रिय कन्नड आज्ञावलींमधील जुना मजकूर असाच फाँटवर अवलंबून होता.

यातून मार्ग निघाला तो युनिकोडमुळे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक असतो. 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'मेन्यू' या शब्दात सहा चिन्हे आहेत, म्हणजे इस्कीत सहा बाइट आणि येथे अठरा. महागडी वाटली तरी या पद्धतीत रशियन, जपानी, कन्नड व मराठी ओळी एकाच फाइलीत निर्धास्त नांदू शकतात. २००२ मधील ग्नोम २ च्या पायाशी हीच पद्धत होती.

जुन्या फाइलींचे रूपांतर मात्र जपून करावे लागे. संपूर्ण फाइल एकच संकेत गृहीत धरून बदलली, तर एक भाषा सुखरूप राही आणि बाकीच्या ओळींचा निरर्थक चिन्हांचा ढीग होई. प्रत्येक ओळीची भाषा ओळखून ती स्वतंत्रपणे बदलणे आवश्यक होते. बिघडलेली फाइल संगणक तक्रार न करता वाचत असे. चूक ध्यानात येई ती फक्त ती भाषा वाचणाऱ्यालाच.

असे वाचणारे लोक भारतात याच काळात एकत्र येत होते. व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी सुरू केलेला 'इंडलिनक्स' हा प्रकल्प भारतीय भाषांसाठी झटत होता. बंगळुरूत २००१ पासून 'लिनक्स बंगलोर' ही परिषद भरू लागली. चिटणीस तिचे एक प्रमुख संयोजक होते. पुढे ती 'फॉस डॉट इन' या नावाने ओळखली गेली. चिटणीस यांचे २०१३ मध्ये निधन झाले.

दरम्यान मेन्यूची रचनाही सामाईक झाली. केडीईने २००४ मध्ये आणि ग्नोमने २००५ मध्ये ती स्वीकारली. आज्ञावलीने आपला वर्ग फक्त सांगायचा, मांडणी मेन्यूने करायची. 'डेबियन' या प्रणालीने स्वतःच्या जुन्या मेन्यू-पद्धतीऐवजी 'डेस्कटॉप' फाइलींच्या बाजूने निर्णय दिला तो २०१५ मध्ये. एफव्हीडब्ल्यूएमसोबतही आता या नव्या फाइली वाचून आपला मेन्यू तयार करणारी आज्ञावली मिळते. हाताने लिहिलेल्या यादीपासून निघालेली ही वाट अशी पुन्हा तिच्याच दारी आली.

हा इतिहास अजून संपलेला नाही. दोन-तीन दशकांपूर्वीचे मराठी प्रबंध, दिवाळी अंक आणि पुस्तके जुन्या फाँटांच्या संकेतात आजही अनेक संगणकांवर पडून आहेत. मेन्यूच्या फाइलीत निदान 'एमआर' अशी खूण तरी असे. या मजकुराचा फाँट कोणता, याची नोंद पुष्कळदा कोठेच नसते, आणि ती नसेल तर रूपांतराचे उत्तम साधनही आंधळे ठरते. घरात किंवा महाविद्यालयात अशी फाइल सापडली, तर प्रथम तिची मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवावी. फाँटचे नाव शेजारी लिहून ठेवावे. रूपांतर त्यानंतर करावे आणि झालेला मजकूर मराठी वाचणाऱ्या माणसाने एकदा डोळ्यांखालून घालावा.