डेकवरचा उतारू : 'रामदास' बोट आणि मराठीतील समुद्र

आधुनिक मराठी कवितेत खवळलेल्या समुद्राला सामोरे जाणारे जहाज म्हटले की 'कोलंबसाचे गर्वगीत' आठवते. 'विशाखा' १९४२ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील या कवितेने मराठी वाचकाला समुद्राशी बोलण्याचा एक आवाज दिला. तो आवाज सुकाणूजवळ उभ्या असलेल्या माणसाचा आहे. समुद्र त्याचा प्रतिपक्षी आहे, मागचे खलाशी त्याचे श्रोते आहेत, आणि पुढे किनारा दिसत नाही हेच त्याच्या बोलण्याचे प्रयोजन आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ही कविता ज्या आवेगाने वाचली गेली तो समजण्यासारखा आहे.

'विशाखा'नंतर पाच वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, 'रामदास' ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाण्यासाठी सुटली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्यांतली बरीचशी गिरगाव, परळ, लालबाग या भागांत राहणारी, कुलाबा जिल्ह्यातल्या आपल्या गावी निघालेली. येथे किनारा दिसत नव्हता असे नाही. येथे सुकाणूजवळून कोणी समुद्राला आव्हान दिलेले नव्हते. लोक डेकवर गाठोडी मांडीशी धरून बसले होते.

प्रस्तुत लेखाचा प्रश्न या दोन जहाजांमधील अंतराचा आहे. मराठी वाङ्मयीन संस्कृतीजवळ कोलंबसाच्या जहाजासाठी भाषा होती. रेवसच्या बोटीसाठी ती होती काय? 'रामदास' हे नाव वाङ्मयेतिहासाच्या चर्चेत आले की आपल्याला संतकवीच आठवतात, बोट आठवत नाही. हा केवळ विस्मरणाचा भाग आहे असे मला वाटत नाही. त्यामागे समुद्राकडे पाहण्याची आपली एक घडण आहे.

प्रथम त्या मार्गाविषयी. मुंबई ते रेवस हा प्रवास सागरी साहसाच्या कोणत्याही व्याख्येत बसणारा नाही. बंदराच्या तोंडातून पलीकडच्या किनाऱ्यावर जायचे, एवढाच तो. परंतु हे तोंड नैर्ऋत्येकडे उघडते, आणि आषाढात अरबी समुद्रावरून येणारी प्रत्येक लाट याच दिशेने आत शिरते. खोल पाण्यात लांब, संथ असलेली लाट उथळ तळाला लागली की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि ती उभी राहते. १७ जुलैला आषाढ अमावास्या होती, लोकभाषेत गटारी. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेची भरती मध्यान्हाच्या आसपास पूर्ण होते, म्हणजे सकाळची बोट वाढत्या उधाणात बाहेर पडते. कोळी माणसाला हे शिकवावे लागत नाही. बोटीच्या वेळापत्रकाला मात्र तिथी नसते.

वाचलेल्यांनी पुढे सांगितलेल्या हकिकती एकमेकींशी बऱ्याच जुळतात. पाऊस झोडपू लागला म्हणून डेकच्या कडेच्या ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. एक मोठी लाट बाजूने आदळली, पाणी आत आले, आणि घाबरलेले लोक दुसऱ्या बाजूला धावले. बोट त्या बाजूला कलली. तेवढ्यात पुढची लाट आली. शेकडो माणसांचे वजन एका क्षणात एका बाजूला सरकणे हे बोटीच्या दृष्टीने बांधून न ठेवलेला माल सरकण्यासारखेच असते. फरक इतकाच, की माल भीतीने धावत नाही. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांनी अनेकांची बाहेर पडण्याची वाट अडवली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नव्हती. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी मासळी समुद्रात फेकून माणसे आपल्या मचव्यांत घेतली, आणि मुंबईला आपल्याच बंदराच्या तोंडाशी काय घडले ते कळायला दुपार उलटावी लागली. एक लहान मुलगा तरंगत गेटवे ऑफ इंडियाजवळ लागला आणि त्याच्या तोंडून पहिली वार्ता शहराला मिळाली, असे सांगितले जाते.

या हकिकतीत 'वादळ' हा शब्द सैलपणे वापरला जातो. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या, तेव्हा ते वादळच होते. नोव्हेंबरात अरबी समुद्रात चक्रीवादळे उठतात. १९४७ची गोष्ट वेगळी आहे. आषाढातला तो समुद्र आषाढात जसा असतो तसाच होता. त्यामुळे निसर्गाच्या अकस्मात कोपाची कथा येथे नीट बसत नाही. प्रश्न ऋतूचा आहे, म्हणजेच समुद्र कोणत्या दिवसांत बंद असतो हे ठरवण्याच्या अधिकाराचा आहे.

हा अधिकार पूर्वी कोणाकडे होता ते मराठी गद्यातच नोंदलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमाराविषयीचे प्रकरण आहे. पावसाळ्यासाठी आरमाराची छावणी कोठे आणि कशी करावी याची तपशीलवार सूचना त्यात येते. राज्यकर्त्याच्या गद्याने येथे ऋतूला वाकून मान दिला आहे. कोळ्यांच्या पंचांगात तोच नियम नारळी पौर्णिमेच्या रूपाने येतो: नारळ वाहिल्याशिवाय दर्या उघडत नाही. कोकणातल्या बंदरांना जाणाऱ्या मोठ्या आगबोटींनीसुद्धा हा नियम पाळला. त्यांची वाहतूक पावसाळ्यात बंद असे. रेवसची फेरी मात्र चालू राहिली, कारण तिला कोणी समुद्र मानलेच नाही. ती खाडी, ते 'पलीकडे'. शिवाय चाकरमान्याची सुटी मुंबईचे काम ठरवत होते, दर्या ठरवत नव्हता. नारळी पौर्णिमा अजून दूर होती आणि गटारीला घरी पोचायचे होते.

आता नावांकडे वळू. 'रामदास' १९३६ साली इंग्लंडमधील स्वान हंटर कंपनीने बांधलेली. ती चालवणारी इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नेव्हिगेशन कंपनी लोकांच्या तोंडी 'माझी आगबोट कंपनी' म्हणून रुळली होती, आणि त्या 'माझी'त परक्या कंपन्यांविरुद्धचा स्वदेशी अभिमान होता. बोटींना 'तुकाराम', 'रामदास' अशी नावे देणाऱ्यांचा हेतू काहीही असो, ती नावे एका जुन्या रूपकाच्या आधारानेच प्रवाशाच्या कानावर पडत असणार. संत हे तारू, संसार हा भवसागर, आणि नामाचा आधार धरणारा पैलतीराला लागणारच, असे हे रूपक आहे. या परंपरेत बुडण्याची शक्यता सदैव आहे. परंतु तारूच बुडण्याची शक्यता नाही. रूपकाची सारी रचनाच तारूवरच्या विश्वासावर उभी आहे.

येथे एक निरीक्षण मांडावेसे वाटते. मराठी भक्तिपरंपरेतला भवसागर हा मुख्यतः देशावर घडलेला सागर आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या सातव्या अध्यायात मायेचे जे दीर्घ रूपक आहे ते नदीचे आहे: तिला पूर आहे, भोवरे आहेत, पोहून जाऊ पाहणारे अनेक प्रकारचे लोक आहेत. हे सारे गोदावरीच्या काठी राहणाऱ्याच्या अनुभवातले आहे. भवसागरालाही आपण नकळत नदीसारखेच दोन तीर देतो, ऐल आणि पैल. खुद्द 'उतारू' या शब्दात नदीचा उतार आहे. नदीच्या पुरात नावाडी शहाणा असला की नाव लागते. समुद्राचे तसे नाही; कोकणातल्या बोलीला हे ठाऊक होते, पण प्रमाण वाङ्मयीन भाषा देशावर घडली आणि तिने समुद्राला नदीच्या मापाने मोजले. 'रामदास'ला या भाषेत जागा सापडली नाही, कारण तिच्यात बोट आणि तारू यांची फारकत उघडी पडते. संताचे नाव धारण केलेले तारू अर्ध्या वाटेवर उलटते, या वाक्याला भक्तीच्या व्याकरणात क्रियापदच नाही.

या उलट दिशेने गेलेल्या एका कवितेचा उल्लेख उपयोगी ठरेल. डिसेंबर १८७५मध्ये 'डॉइशलँड' हे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले आणि त्यात पाच जोगिणी बुडाल्या. त्यावर हॉपकिन्सने लिहिलेली दीर्घ कविता १९१८पर्यंत अप्रकाशित राहिली. श्रद्धाळू माणसाचे तारू बुडाले तर ईश्वराविषयी काय म्हणायचे, हा प्रश्न त्याने कवितेच्या मध्यभागी घेतला आणि त्यासाठी भाषा अक्षरशः मोडून घेतली. त्याचे उत्तर पटो वा न पटो, प्रश्न टाळला गेला नाही.

नवसाहित्याने तरी या बंदराकडे कसे पाहिले? मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह नेमका १९४७चा. मुंबईतल्या यंत्रबद्ध, गर्दीत चिरडलेल्या माणसाला त्यांनी मराठी कवितेत आणले, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु मर्ढेकरांचे जे मुंबई बंदर आपल्या स्मरणात राहिले ते माघातल्या पहाटेचे, शांत आणि तेजाळ. माघ हा उघड्या दर्याचा महिना आहे. आषाढातले बंदर त्यांनी लिहायला हवे होते असे म्हणणे समीक्षेला शोभणार नाही. तथापि आपल्या सौंदर्यविचाराने बंदराचा कोणता ऋतू निवडला, ही नोंद करण्यासारखी बाब आहे. सावरकरांचा समुद्रही असाच निवडलेला आहे. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावरून संबोधलेला तो सागर वचनभंग करणारा आहे, पण त्याची लाट कोणाच्या डेकवर चढत नाही.

दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जुलै १९४७ रोजी, भारतीय स्वातंत्र्याच्या कायद्याला ब्रिटिश राजाची संमती मिळाली. राष्ट्रनौका, तिचे कर्णधार आणि तिचा किनारा ही त्या काळच्या भाषणांची व अग्रलेखांची नेहमीची रूपके होती. 'कर्णधार' म्हणजे मुळात सुकाणू धरणारा. हा शब्द नौकेवरून उतरून राजकारणात आला आणि नंतर क्रिकेटच्या मैदानापर्यंत पोचला. 'उतारू' हा शब्द मात्र बोटीवरून फारतर आगगाडीत गेला. एका शब्दाला रूपकाची प्रतिष्ठा मिळते आणि त्याच्याच शेजारच्या शब्दाला मिळत नाही, हा भाषेतला सत्तेचा व्यवहार आहे.

हा व्यवहार केवळ मराठीचा नाही. कॉनरॅडची 'टायफून' (१९०२) ही वादळातल्या जहाजाची कथा म्हणून वाखाणली जाते, आणि ती तशी आहेही. पण तिचा दृष्टिबिंदू कुठे आहे ते पाहावे. कप्तान मॅक्विर वर, वाऱ्यात, अविचल उभा आहे. खाली, बंद जागेत, दोनशे चिनी मजूर आहेत. त्यांच्या पेट्या फुटल्या आहेत, वर्षांच्या मजुरीचे डॉलर फळ्यांवर इकडून तिकडे घरंगळत आहेत, आणि प्रत्येकजण त्यांच्यामागे कोसळतो आहे. या मजुरांना कथेत स्वतःचे असे नाव वा मन नाही. कप्तान शेवटी सापडलेले पैसे सर्वांना सारखे वाटतो, आणि वाचकाला त्याचे शहाणपण पटते. परंतु त्या तळातल्या एखाद्या मजुराने हीच रात्र सांगितली असती तर तीत वारा किती आला असता आणि पैसे किती? वादळ हा आशय वरच्यांचा आहे. खालच्यांचा आशय मजुरी आहे. 'रामदास'च्या डेकवरच्या माणसाची गाठोडी मी याच अर्थाने महत्त्वाची मानतो.

मराठीच्या अगदी शेजारी एक प्रतिउदाहरण आहे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे तिला लोक 'वीजळी' म्हणत. तिच्यावर लग्नाची वऱ्हाडे होती, मुंबईला परीक्षेसाठी निघालेली मुले होती. गुजरातीत तिचे लोकगीत झाले आणि ते घरोघर गायले गेले. त्या गीतातला संबोधित कासम आहे, म्हणजे येथेही हाक सुकाणूच्या दिशेने जाते. पण गीताचा ऐवज उतारूंचा आहे: कोण चढले, कोणाचे लग्न होते, मागे कोण राहिले. गुणवंतराय आचार्यांची 'हाजी कासम, तारी वीजळी' ही कादंबरी १९५४ साली आली तेव्हा तिच्यामागे जवळजवळ सात दशकांचे गाणे उभे होते. लोकगीताने आधी उतारूंची यादी जपली म्हणून कादंबरीकाराला जहाज मिळाले, असा क्रम येथे दिसतो.

गिरणगावात अशा गीताला लागणारी सामग्री नव्हती असे म्हणता येत नाही. भजनी मंडळे होती, नमन-खेळे होते, शाहिरी होती. परंतु 'वीजळी'वरचे लोक बंदराबंदरांतल्या नात्यागोत्याचे होते. 'रामदास'वरचे लोक एका मोठ्या शहराच्या वेगवेगळ्या चाळींतून आलेले. एका चाळीत दोन खोल्या रिकाम्या झाल्या, शेजारच्या चाळीत एक. शोकाला एक गाव मिळाले नाही.

मराठी भाषेने डेकवरच्या माणसाला अगदीच सोडले नाही हेही खरे. 'बोट लागणे' हा वाक्प्रचार त्याचाच आहे. ऊन, पाप, नजर जशी माणसाला लागते तशी बोट लागते. यात कर्ता समुद्र नाही, वारा नाही, माणूसही नाही. बोटच कर्ता आहे आणि माणूस ते सोसणारा. कोकणच्या प्रवासाचा शरीरानुभव या दोन शब्दांत साठलेला आहे, आणि पुढे त्याच धर्तीवर आपल्याला गाडीही लागू लागली. समुद्राचा हा उल्लेख ना भवसागरातून आला, ना कोलंबसाच्या गर्वातून. तो ओकारी आलेल्या, कडेला वाकलेल्या माणसाचा आहे. मराठीतील सागरविषयक साहित्याचा इतिहास कोणी नव्याने लिहायला घेतला, तर 'रामदास'मधून वाचलेल्यांच्या हकिकती कवितांच्या आधी वाचाव्यात, आणि त्या वाचताना माणसे समुद्राविषयी किती कमी बोलतात व ताडपत्री, गर्दी, हातातून सुटलेला हात यांविषयी किती बोलतात, याची मोजदाद करावी.