हेरञ्ञिक आणि खोटे नाणे

आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्गा’त कहापणांच्या राशीकडे पाहणारे तिघे सांगितले आहेत: अजाण बालक, खेडूत आणि हेरञ्ञिक, म्हणजे सराफ. बालकाला नक्षी दिसते, खेडुताला मोलही कळते. हेरञ्ञिक मात्र नाद, गंध, चव, वजन यांवरून खरे-खोटे ओळखतो आणि नाणे कोणत्या गावी घडले तेही जाणतो. स्थळाचे हे ज्ञान आजही निर्णायक होय. १९३९ साली वऱ्हाडात तऱ्हाळ्यास सातवाहन नाण्यांचा मोठा निधी सापडला. त्यात वा. वि. मिराशींनी कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांत नसलेली नावे वाचली. तेच नाणे बाजारात सुटे आले असते, तर बनावट ठरण्याचीच शक्यता अधिक! सातवाहन निधी चांद्यासही मिळाला आहे. म्हणून मूल परिसरात नांगराला नाणी लागल्यास ती चिंचेने घासू नयेत; जुना गंज हाही पुरावाच आहे. निखात निधीच्या १८७८ च्या कायद्यानुसार, सापडल्या जागेसह, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे.