गाडी निवडताना

एखाद्या शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढून जुनी मोटारगाडी घ्यायचे ठरवले, की शिक्षकांच्या खोलीत सल्ल्यांना तोटा राहत नाही. 'ओळखीच्या माणसाकडूनच घ्या', 'डॉक्टरने वापरलेली बघा', 'मेकॅनिक बरोबर न्या', 'थोडे कर्ज काढा, पण नवीच घ्या'. हे सल्ले वरवर वेगवेगळे वाटतात. पण नीट पाहिले तर ते सारे एकाच अडचणीवरचे उपाय आहेत. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. ही अडचण व्यापाराइतकीच जुनी आहे. मात्र तिचे नेमके गणित प्रसिद्ध झाले ते १९७० साली, आणि तेही जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने. त्या गणिताचा, आणि घेणाऱ्याचे अज्ञान कमी करण्यासाठी निघालेल्या मोजमापांचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत. गाडी घेताना तो उपयोगी पडतो असा आमचा अनुभव आहे.

लिंबू नावाची गाडी

मराठीत खेळात ज्याला धरायचे नाही तो लिंबूटिंबू. अमेरिकेत मात्र, एक दोष दुरुस्त करावा तर दुसरा डोके वर काढतो अशा गाडीला 'लिंबू' म्हणतात. जॉर्ज ॲकरलॉफ हा अर्थशास्त्रज्ञ १९६६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे नुकताच अध्यापक म्हणून रुजू झाला होता. वय अवघे सव्वीस. नव्या मोटारींची विक्री एका वर्षी खूप वाढते आणि दुसऱ्या वर्षी खूप घटते, असे का होते, हा त्याचा मूळ प्रश्न होता. त्याचा विचार करताना तो एका साध्या गोष्टीपाशी अडखळला. जुनी गाडी स्वस्त मिळत असताना लोक नवी का घेतात? त्याचे एक मोठे कारण संशय हे होते. गाडी चांगली असती, तर हा विकतोय कशाला?

या संशयाचे गणित फळ्यावर सहज करता येते. पाच जुन्या गाड्या घ्या. मालकांच्या लेखी त्यांचे मोल १, २, ३, ४ आणि ५ लाख रुपये आहे. घेणाऱ्याला गाडीची गरज अधिक, म्हणून त्याच्या लेखी प्रत्येक गाडीचे मोल पाचव्या हिश्श्याने जास्त, म्हणजे १.२ ते ६ लाख. सारे काही उघड असते तर पाचही गाड्या विकल्या जाऊन दोन्ही बाजूंचा फायदा झाला असता. पण बाहेरून पाचही सारख्याच दिसतात. तेव्हा घेणारा सरासरी धरतो आणि ३.६ लाखांपेक्षा जास्त द्यायला तयार होत नाही. या किमतीला ४ व ५ लाखांचे मालक गाडी काढून घेतात. उरलेल्या तिघींची सरासरी घेणाऱ्याच्या लेखी २.४ लाख होते; आता ३ लाखांचा मालक घरी जातो. पुढची सरासरी १.८ लाख, २ लाखांचा मालकही जातो. शेवटी बाजारात उरते ती सर्वांत वाईट गाडी. यात कोणी खोटे बोललेले नाही, कोणी मूर्खपणा केलेला नाही. केवळ माहिती एकाच बाजूला असल्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून हद्दपार झाल्या.

खोटे नाणे खऱ्या नाण्याला हुसकावते, या ग्रेशमच्या जुन्या नियमाशी याचे साम्य आहे. पण ॲकरलॉफने एक फरक दाखवला. तेथे खरे-खोटे दोन्ही बाजूंना ओळखता येते. येथे एकाच बाजूला.

हा लेख छापून येणे सोपे गेले नाही. दोन नियतकालिकांनी विषय क्षुल्लक म्हणून तो परत पाठवला. तिसऱ्याचे म्हणणे उलटे होते. हे खरे असेल, तर अर्थशास्त्रच वेगळे असायला हवे! अखेर १९७० मध्ये चौथ्या नियतकालिकाने तो छापला. २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह ॲकरलॉफला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तांदळातले खडे

या लेखाचे भारताशी एक नाते आहे. १९६७-६८ मध्ये ॲकरलॉफ दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होता. लेखात तो लिहितो, की भारतीय गृहिणीला बाजारातून आणलेले तांदूळ काळजीपूर्वक निवडावे लागतात, कारण त्यांत त्याच रंगाचे व आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात. मोटारीचा प्रश्न आणि तांदळाचा प्रश्न एकच आहे, हे त्याने ओळखले होते.

त्याने नोंदवलेले उपायही ओळखीचे आहेत: हमी, नावाजलेली छाप, एकाच नावाच्या अनेक दुकानांची साखळी, आणि परवाना किंवा पदवी. 'डॉक्टरने वापरलेली' या शब्दांचे वजन येथे कळते. डॉक्टरला गाडी जास्त कळते असे नाही. पण त्याला गाडी वेळेवर चालू होणे गरजेचे असते आणि देखभालीचा खर्च परवडतो, असे आपण धरतो. अर्थात हे दोन शब्द छापायला खर्च काहीच येत नाही, आणि जी खूण फुकट करता येते ती खूण फारशी उपयोगाची नसते. विकणाऱ्याने स्वतःच्या खिशातून दिलेली सहा महिन्यांची लेखी हमी मात्र लिंबूवाल्याला परवडत नाही.

माहिती उघड करणारे कायदे

घेणाऱ्याला माहिती मिळावी म्हणून अमेरिकेत एकामागून एक कायदे झाले. १९५८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील चिकटवणे सक्तीचे केले. जुन्या गाडीची गोष्ट अवघड होती. तिच्या आयुष्याचा एकमेव साक्षीदार म्हणजे किलोमीटरचा मीटर, आणि तो मागे फिरवता येत असे. शिवाय पाच आकडी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येई. १९७२ च्या केंद्रीय कायद्याने मीटर मागे फिरवण्यावर बंदी आली. १९७५ मध्ये, तेलसंकटानंतर, गाडी किती इंधन पिते हे सांगणेही सक्तीचे झाले.

आपल्याकडचे चित्र निराळे होते. परवाना पद्धतीच्या काळात निवडायला होतेच काय? ॲम्बेसेडर, फियाट म्हणजे पुढची पद्मिनी, आणि थोड्याफार स्टँडर्ड. नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, १९९३ मध्ये मोटारनिर्मितीवरील परवान्याचे बंधन गेले, आणि 'कोणती घ्यावी' हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्याबरोबर आणखी एक प्रश्न आला: 'ॲव्हरेज किती देते?'

ॲव्हरेज मोजायचे तर सर्व गाड्या सारख्याच चालवल्या पाहिजेत. म्हणून प्रयोगशाळेत गाडी रुळांवर उभी करतात आणि ठरलेल्या क्रमाने वेग वाढवत-कमी करत चालवतात. अमेरिकेचा शहरी क्रम लॉस एंजेलिसच्या एका मार्गावरून घेतलेला आहे. आपल्याकडे हे काम १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेने केले. तिचा पहिला भारतीय क्रम १०८ सेकंदांचा होता आणि त्यातला कमाल वेग ताशी सुमारे ४२ किलोमीटर होता. २००० नंतरच्या सुधारित क्रमात तो ९० पर्यंत गेला.

अशा चाचणीचा आकडा तुलनेसाठी असतो. तो वचन नसतो. प्रयोगशाळेत खंबाटकी घाट नसतो आणि सिग्नलवर अडलेली रांगही नसते. रस्त्यावर एवढे ॲव्हरेज मिळत नाही हे दिसून आल्यावर अमेरिकेनेही १९८५ च्या गाड्यांपासून चिठ्ठीवरचा शहरी आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापायला सुरुवात केली.

मापालाच फसवले तर?

२०१३ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धूर मोजणारी उपकरणे डिझेल गाड्यांत चढवली आणि त्या रस्त्यावर चालवल्या. या चमूत अरविंद तिरुवेंगडमही होते. प्रयोगशाळेत शुद्ध ठरलेल्या फोक्सवॅगन गाड्या रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट सोडत होत्या. चाचणी चालू आहे हे गाडीतला संगणक ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर आवरत असे. सप्टेंबर २०१५ मध्ये हे जाहीर झाले. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती. त्यानंतर प्रत्यक्ष रस्त्यावरची धूरचाचणी युरोपात २०१७ पासून आणि भारतात २०२३ पासून सक्तीची झाली. माल बनवणारा, तो मोजणारा आणि त्या मोजमापाची फेरतपासणी करणारा वेगवेगळा असावा, हा धडा प्रयोगशाळेतल्या आम्हा मंडळींनाही लागू आहे.

गाडी पाहायला जाताना

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. जुनी गाडी पाहायला जाताना मीटरवर विसंबू नये. ज्यांना मागे फिरवता येत नाही अशा साक्षीदारांना विचारावे. पेडलची रबरे, स्टिअरिंगची झीज आणि आसनाचा खळगा हे मीटरच्या आकड्याशी जुळतात का? २००० नंतरच्या टायरवर चार आकडी खूण असते; '२३१९' म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील, तर कारण विचारावे. खिशात छोटा लोहचुंबक ठेवावा. पोलादी पत्र्यावर तो घट्ट चिकटतो. अपघातानंतर पुट्टी भरून रंग दिलेल्या जागी सैल पडतो. मात्र बंपरसारखे भाग मुळातच प्लास्टिकचे असतात, हे विसरू नये. इंजिन थंड असताना चालू करायला सांगावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे.

कागदांची तपासणी तितकीच महत्त्वाची. चॅसिस व इंजिनचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. त्यावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरल्याखेरीज पैसे देऊ नयेत. मालकी बदलण्याचे २९ व ३० क्रमांकाचे फॉर्म भरून ते परिवहन कार्यालयात दाखल होईपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये. विकणाऱ्यानेही यात हयगय करू नये. नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

नवी की जुनी, याचे उत्तर वर्षाकाठच्या किलोमीटरवर ठरवावे. वर्षाला ६,००० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला १५ च्या ॲव्हरेजने ४०० लिटर पेट्रोल लागेल, २० च्या ॲव्हरेजने ३००. लिटरला १०० रुपये धरले तर बचत वर्षाला १०,००० रुपये. केवळ ॲव्हरेजसाठी दीड लाख जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला पंधरा वर्षे लागतील. आणि स्वतःच्या गाडीचे ॲव्हरेज स्वतः मोजावे. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, काहीशे किलोमीटरनंतर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. ४२० किलोमीटरला २८ लिटर लागले तर ॲव्हरेज १५. असे तीनदा करून सरासरी घ्या. विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे. निरनिराळ्या घरांतील आकडे वर्गात मांडले, की मोजमापातील फरक आणि त्याची कारणे यांवर चर्चा आपोआप सुरू होते.

आता विजेवरच्या जुन्या गाड्याही बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांना ना धूर, ना ऑइल. बॅटरीची क्षमता किती उरली आहे हे मात्र बाहेरून दिसत नाही. ॲकरलॉफचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा आहे.

मराठीत 'निवडणे' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: अनेकांतून एक पसंत करणे आणि खडे वेचून काढणे. गाडी घेताना पहिल्या अर्थाकडे आपले लक्ष असते. रंग कोणता, मॉडेल कोणते. पण निधीतले पैसे वाचतात ते दुसऱ्या अर्थाने निवडल्यावर. सूप हातात घेऊन उजेडाकडे तोंड करून बसणाऱ्या आपल्या आई-आजीला हे ठाऊक होते.